जागा

आमच्या गाण्याला तीन माणसं लागतात.
दोघांत भागत नाही,
एकट्याचं तर नावच नको.
वरचा आवाज बिमुर्झाकाकाचा,
मधला आजीचा, तिच्यानंतर माझा,
आणि खाली बाबा. खर्ज.
गोठ्यातल्या बैलासारखा एका जागी उभा.

स्वानेतीत जुनी घरं अशीच असतात,
मध्ये विस्तव, भिंतीकडेनं गुरं,
अंगणात दगडी बुरूज,
वैराच्या दिवसांत पणजे ज्यात लपायचे.
त्या विस्तवापाशी चुनिरी शेकायची आधी,
चाळणीवर कातडं ताणावं तसं ते वाद्य,
घोड्याच्या शेपटीच्या तीन तारा.
हवा दमट असली की तिचा घसा बसतो.
बाबा दोनदा गज फिरवून सांगायचे,
"उद्या गवत कापू नका."

शब्दांचा अर्थ विचारायचा नाही.
निम्मे शब्द कुणालाच ठाऊक नाहीत.
आजी म्हणायची, ज्याला कळायचं त्याला कळतं,
आपण नुसते हमाल.

तिसऱ्या ओळीत एक ठेच आहे.
सगळे तिथं अडखळतात, एकदम,
पुन्हा एकदमच उचलतात.
नदीपल्याडच्या गावात तीच ओळ सरळ जाते.
मला वाटायचं, ही आपल्या घराण्याची जागा,
कुणा थोर पूर्वजानं घडवलेली.
आजीनं एकदा बटाटे सोलता सोलता सांगून टाकलं:
"सासऱ्यांना दमा होता.
तिथं त्यांना श्वास पुरायचा नाही.
बाकीचे थांबायचे."
सासरे गेले.
थांबणं राहिलं.

मग आजी गेली. मग काका,
बर्फाखाली वगैरे नाही,
साखरेनं, जिल्ह्याच्या दवाखान्यात.
मी नेपल्सला आले,
एका म्हातारीची अंघोळ, औषधं, शिव्या सांभाळायला.
दर रविवारी ती झोपली की फोन.
बाबा तो मिठाच्या बरणीला टेकवून उभा करत,
शेजारी भावाचा मुलगा त्सोत्ने, सात वर्षांचा,
वरचा आवाज आता त्याचा.

माझा सूर डोंगरापर्यंत उशिरा पोचायचा.
अर्धा सेकंद असेल.
तेवढ्यात गाणं उसवायचं.
"तू मागे पडतेस."
"तुम्हीच पळताय."
तीन रविवार आम्ही नुसते भांडलो.
चौथ्या रविवारी बाबा काही बोलले नाहीत,
दर ओळीच्या शेवटी थांबू लागले.
आयुष्यात न हललेला माणूस,
माझ्यासाठी जरा सरकला.

चार वर्षांनी, ऑगस्टमध्ये, घरी गेले.
विस्तवाच्या जागी आता पत्र्याची शेगडी.
फोन माझ्या खिशात, बंद.
बाबांचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागत होता.
पहिली ओळ संपली, मी दुसरी उचलली,
आणि एकटीच पडले.

त्सोत्नेनं डोळे वटारले.
"आत्या, घाई करू नकोस.
इथं जागा आहे."

मी बाबांकडे पाहिलं.
ते शेगडीत लाकूड सारत होते,
लाकूड आधीच नीट बसलेलं होतं.
काय सांगणार होते मी पोराला?
की हे गाणं नाही, नेटवर्क आहे?
आजीच्या हातात निदान बटाटा तरी होता.

पुन्हा सुरुवातीपासून.
ओळ संपली. आम्ही थांबलो,
तिघंही शेगडीभोवती, हातभर अंतरावर,
नेपल्सहून कुणाचा तरी आवाज यायचा होता,
त्याची वाट पाहत.

तिसऱ्या ओळीत दोन्ही ठेचा लागोपाठ आल्या.
दम्याची आधी, मग माझी.
त्सोत्ने दोन्हींवरून सफाईनं गेला,
शेळीचं पोर दगडांवरून जातं तसा.

चुनिरीचा घसा बसला होता त्या रात्री.
सकाळी गवत तसंच उभं ठेवलं.